तीन-तीन दिवसांची चावी

चावी कंपनीला परत करण्यात दादाचा फायदा किती होता, ते आधी मांडून घेऊ. पहिल्या वर्षाची वर्गणी निम्मी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कापडावर पॅटर्न आपोआप बसवायची सोय, म्हणजे शंभर मीटरमागे चार मीटर कापड वाचणार. एका मोठ्या शाळासाखळीची वर्षभराची ऑर्डर दादाच्या डोळ्यांपुढे नाचत होती आणि त्यांना फाइली नव्या प्रकारातच हव्या होत्या, म्हणजे तीही पदरात. शिवाय चावी हरवली तर काय, मोडली तर काय, ही बारा वर्षांची धास्ती संपणार. खर्चाच्या बाजूला ओळ एकच होती: चावी निम्मी बहिणीची आहे. दादाला ती ओळ दिसली नाही असं नाही. दिसली, फक्त तिच्यापुढे आकडा घालायचा राहून गेला.

दादाचा धंदा शाळेच्या गणवेशांचा. बहिणीचाही गणवेशांचाच, पण हॉस्पिटलच्या: नर्सेसचे, आयांचे, वॉर्डबॉइजचे. दोघांची वर्कशॉप्स एकाच रस्त्याच्या दोन टोकांना. दादा तिला धाकटी म्हणे, म्हणून अख्खा बाजार तिला धाकटी म्हणे. तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी नाव तेच. कारखान्यातली नोकरी सोडताना तिला जे पैसे मिळाले ते सगळे तिने एका सॉफ्टवेअरमध्ये घातले होते. किमतीतले उरलेले निम्मे दादाने बँकेतून उचलले होते. ज्यावरून कापड कापतात ते पॅटर्न काढणं, लहानमोठ्या मापांत वाढवणं, कागदावर उतरवणं, असं सगळं ते सॉफ्टवेअर करी. एकदा भरा आणि जन्मभर वापरा, अशी तेव्हाची रीत होती. सोबत कंपनीने अंगठ्याएवढी हिरवी चावी दिली होती. ती कॉम्प्युटरला खोचली की सॉफ्टवेअर उघडे, काढली की गप्प. बिलावर नावाला जागा एकच होती. "दादाचं घाला, तो मोठा आहे," असं धाकटीनेच दुकानदाराला सांगितलं होतं.

चावी सोमवार ते बुधवार दादाकडे आणि गुरुवार ते शनिवार धाकटीकडे असे. बुधवारी संध्याकाळी दादा ती चष्म्याच्या घरात घालून रस्त्याच्या त्या टोकाला जाई, शनिवारी संध्याकाळी धाकटी या टोकाला येई. जो चावी आणेल त्याला चहा. बारा वर्षांत भावाबहिणीची भांडणं काही कमी झाली नाहीत. आईच्या आजारपणाचा खर्च कोणी किती केला यावरून झालं, वडिलांचं शिलाई मशीन कोणाकडे जावं यावरून झालं, एकदा तर धाकटीने पळवलेल्या कटिंग मास्टरवरून इतकं झालं की दादा दारातूनच चावी फेकून निघाला. पण शनिवार आला. चावी परत द्यायला धाकटी गेली, वहिनीने चहा टाकला, आणि दादाला कपातून डोकं वर काढून काहीतरी बोलावंच लागलं. तो म्हणाला, "साखर जास्त झालीय." भांडण तिथे मिटलं.

धाकटीच्या वर्कशॉपची एक शिस्त होती, ती इथेच सांगायला हवी. एका कपड्याचा एकच पॅटर्न. सुरुवातीच्या दिवसांत कोणीतरी पॅटर्नच्या जुन्या पुठ्ठ्यावरून कापड कापलं आणि ढीगभर गणवेश काखेत तंग झाले. तेव्हापासून नवा पॅटर्न पक्का झाला की जुना पुठ्ठा तिथल्या तिथे मधोमध कापायचा. कॉम्प्युटरमध्येही तेच: नवी फाइल झाली की जुनी पुसायची. चांगल्या पॅटर्नरूममध्ये असंच करतात. धाकटीची चांगलीच होती.

कंपनीने विक्री बंद करून वर्गणी सुरू केली तेव्हा कंपनीच्या बाईचा फोन दादाला आला, कारण बिलावर दादा होता.

"सर, आपलं लायसन्स जुन्या पद्धतीचं आहे. ते चालत राहील, पण त्याला नवीन काही मिळणार नाही."

"नकोच आहे. चालतंय की छान."

"चालेल सर. पण नवीन कॉम्प्युटरवर ते बसणार नाही."

"मग नवीन घेत नाही."

"आणि आहे तोच बिघडला तर, सर?"

दादा गप्प झाला. कंपनीची बाई हुशार होती. गप्प बसलेल्या गिऱ्हाइकाला मध्ये बोलून ती त्रास देत नसे.

शेवटी दादानेच विचारलं, "दोन कॉम्प्युटरवर चालेल ना हे नवीन?"

"कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल सर. फक्त लॉगिन करायचं."

दादाने 'दोन माणसांना' असं विचारलं नाही आणि बाईने विचारलं तेवढंच सांगितलं. दोघांचंही समाधान झालं. सवलत महिनाभरच होती. चावी कुरियरने गेली.

त्या बुधवारी दादा रिकाम्या हाताने धाकटीकडे आला. हातात नुसती एक चिठ्ठी.

"चावी कुठाय?" धाकटी म्हणाली.

"चावीची कटकट गेली. हा पासवर्ड घे."

"गेली म्हणजे कुठे गेली?"

"कंपनीला परत दिली."

"निम्मी माझी होती ना रे?"

"अगं, निम्मी चावी परत देता येते का? द्यायची तर अख्खीच द्यावी लागते."

धाकटीचा नवरा कटिंग टेबलापाशी हसला. दादा त्याला मेहुणे म्हणे आणि मेहुण्यांना सगळं उशिरा कळतं असं मानी. "हे बरोबर आहे," मेहुणे म्हणाले. धाकटी हसली नाही.

"मला विचारायचं तरी."

"विचारणारच होतो. पण तू हो म्हणायला पंधरा दिवस लावतेस आणि सवलत संपत होती. तुझंही कापड वाचेल, वेडे. वारांचं तेच, तीन दिवस माझे, तीन तुझे. आणि पहिल्या वर्षी तू काही देऊ नकोस. माझ्याकडून."

हे शेवटचं म्हणताना दादाची छाती जरा फुगली. वर्गणीतली सूट चावीच्या बदल्यात होती आणि चावी निम्मी धाकटीची होती, म्हणजे ही मेहेरबानी निम्मी तिच्याच खिशातली होती. पण भाऊ इतक्या प्रेमाने देतोय म्हटल्यावर असला हिशेब कोण काढणार? तिने चहा ठेवला.

पुढचे काही आठवडे धाकटीने आपल्या तीन दिवसांत दुसरं काही केलं नाही. चावीशिवाय जुन्या फाइली उघडत नव्हत्या, त्या फक्त नव्या सॉफ्टवेअरने आत घेता येत होत्या. नर्सेसचे बाहीवाले, बिनबाहीचे, गरोदर बायकांसाठी कमरेत सैल केलेले, वाकताना वर चढू नयेत म्हणून मागून लांब ठेवलेले, असे सगळे पॅटर्न तिने एकेक करून दादाच्या खात्यात चढवले. एक चढला, तपासला, बरोबर निघाला, की जुनी फाइल पुसली. शिस्त म्हणजे शिस्त. पुठ्ठ्यांचे गठ्ठे होते तेही रद्दीत घातले, कारण नवीन काजाचं मशीन ठेवायला भिंत हवी होती. मेहुणे म्हणाले, "असू दे की चार." ती म्हणाली, "चार ठेवले की चारांतला चुकीचा तुम्हीच उचलणार."

आता रस्ता चालून जायचं कारण उरलं नव्हतं. बुधवारी दादा फोन करी, "मी उठलो गं, तू बस." शनिवारी धाकटी फोन करी, "मी उठले, तू बस." चावीचा मान दोघांनी पासवर्डालाही दिला. एकाच वेळी दोघं कधी बसले नाहीत, आपल्या वाराबाहेर कोणी हात लावला नाही. कंपनीला मात्र वारांशी घेणं नव्हतं. तिला दिसत होतं ते इतकंच, की एक खातं, भरणारा एक, आणि ते आठवड्यातून दोनदा जागा बदलतंय.

दादाला शाळासाखळीची ऑर्डर मिळाली. शाळा उघडायच्या आधीचा मोसम आला, आणि एका मंगळवारी सकाळी, प्लॉटरमध्ये पॅटर्नचा लांबलचक कागद अर्धा छापून झालेला असताना, खातं बंद पडलं. पडद्यावर कंपनीचा सभ्य मजकूर आला. आपलं खातं दोन ठिकाणांहून वापरलं जात असल्याचं आढळलं आहे. दुसरं ठिकाण आपलं आहे का? हो म्हटलं तर त्या जागेची वर्गणी पहिल्या दिवसापासून भरा, वर दंड भरा, मग तपासणी, मग खातं सुरू. नाही म्हटलं तर खातं लगेच सुरू.

कटिंग मास्टर कात्री हातात घेऊन उभा. शिलाईच्या बायका हात बांधून बसलेल्या, आणि त्यांची मजुरी बसून राहिल्या तरी चालू. वहिनी गल्ल्यापाशी.

"काय विचारतंय ते?" वहिनी म्हणाली.

"दुसरी जागा आपली का म्हणून."

"वन्संची ना ती?"

"तेच तर. आपली नाही. तिची आहे."

"मग नाही म्हणा की."

यात खोटं काहीच नव्हतं. दादाने 'नाही' दाबलं. खातं उघडलं, प्लॉटरचा उरलेला कागद सरसर बाहेर आला आणि सगळे कामाला लागले. संध्याकाळी धाकटीला सांगावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण सांगायचं काय? काही झालंच नव्हतं.

बुधवारी "तू बस" चा फोन आला नाही. गुरुवारी धाकटीने पासवर्ड घातला, तो चालला नाही. पुन्हा घातला, तरी नाही. दादा फोन उचलेना. हॉस्पिटलची वर्षाची ऑर्डर आठ दिवसांपूर्वीच आली होती, कापड येऊन पडलं होतं. तिने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, खातेदारांनी हे ठिकाण आपलं नसल्याचं कळवलं आहे."

"कोणी कळवलंय?"

"खातेदारांनी."

"अहो, तो माझा भाऊ आहे."

"असतील मॅडम. पण त्यांनी नाही म्हटलंय."

"बरं, माझं वेगळं खातं उघडा. आत्ता भरते पैसे. माझे पॅटर्न तेवढे त्यात घाला."

"ते पॅटर्न त्यांच्या खात्यातले आहेत मॅडम. अनधिकृत ठिकाणाहून चढवलेल्या फाइली आम्ही बाजूला काढतो आणि महिनाअखेरीला पुसतो. खातेदारांनी स्वतः लिहून दिलं आणि फरक भरला तर परत येतील. तुमच्या सांगण्यावरून नाही."

धाकटी रस्ता चालून गेली. दुपारची वेळ होती आणि वार गुरुवार. त्या वारी ती कधी येत नसे, त्यामुळे चहाचं कोणाला सुचलं नाही.

"तू मला नाही म्हणालास?"

"तुला कुठे? त्या मशीनला म्हणालो."

"मशीनला खरं वाटलं ना पण."

"धाकटे, इथे वीस बायका बसून होत्या. काय करायचं होतं मी?"

"हो म्हणायचं होतंस."

"दंड बघितलास का किती आहे?"

"मला फोन करायचा होतास. मी दिला असता. आता तरी लिही, बाबा. माझ्याकडे एक पुठ्ठा नाही. कापड येऊन पडलंय. हॉस्पिटल थांबत नाही कोणासाठी."

दादाचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, आणि वाईट नसलेल्या माणसाला जे वाटायला हवं ते सगळं त्याला वाटलं. "लिहितो," तो म्हणाला. "आजच लिहितो. पैशाचं मात्र बघ. मोसमात माझा हात अडकलेला असतो."

दुसऱ्या दिवशी तिने पैसे आणून दिले. दंड आणि फरक, दोन्ही. काजाच्या मशीनचा हप्ता थांबवला, उरलेले मेहुण्यांनी त्यांच्या भावाकडून आणले. दादाने मोजून घेतले आणि खणात ठेवले.

मग त्याने कंपनीचा कबुलीचा मजकूर उघडला. वर लिहिलं होतं: आधी दिलेली माहिती खोटी होती हे मला मान्य आहे. खाली बारीक अक्षरांत होतं: चौकशी पूर्ण होईपर्यंत खातं बंद ठेवण्याचा अधिकार कंपनीला आहे. दादाने ती बारीक अक्षरं तीनदा वाचली. शाळांचा निम्मा माल गेला होता, निम्मा कापायचा होता. उशीर झाला तर शाळासाखळी पैसे कापणार होती.

"चौकशीला किती दिवस लागतात?" वहिनीने विचारलं.

"लिहिलेलं नाही."

"मग शाळांचा माल जाऊ द्या आधी. महिना कुठे संपलाय?"

शहाणपणाचाच सल्ला होता. वहिनीचे सल्ले सगळे शहाणपणाचे असत.

धाकटीचा रोज फोन येई. "झालं का रे?" "आज करतो." "झालं का?" "अगं, त्यांचा सर्व्हर बंद होता." "दादा, झालं का?" "तू सारखी विचारू नकोस, मला टेन्शन येतं." शेवटी शेवटी ती काही विचारेना. फोन करी, आणि दोघंही थोडा वेळ नुसता एकमेकांच्या मशीनांचा आवाज ऐकत. तिच्याकडे आवाज कमी होत गेला हे दादाच्या लक्षात आलं होतं.

ती वाट बघत बसली होती असं नाही. वेगळ्या खात्याला पैसे उरले नव्हते, म्हणून ती हातानेच लागली होती. हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या नर्सेसकडून तिने जुने गणवेश मागून आणले आणि शिवण उसवून, तुकडे कागदावर पसरून, पेन्सिलने पॅटर्न काढायला घेतले. पण धुऊन धुऊन कापड आटलं होतं. कोणी कंबर आत घेतली होती, कोणी बाही आखूड केली होती. जे निघाले ते पॅटर्न त्या त्या बाईचे होते, तिचे नव्हते. एक नमुना शिवून तिने हॉस्पिटलला दाखवला. तिथल्या स्टोअरच्या बाई ओळखीच्या. त्यांनी तो एका नर्सला घालून बघितला. काखेत तंग झाला.

"हे तुमचं काम नाही वाटत," स्टोअरच्या बाई म्हणाल्या. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. ऑर्डर दुसऱ्याकडे गेली.

शाळांचा शेवटचा माल ज्या दिवशी गेला त्याच दिवशी दादाने कबुली लिहून पाठवली. महिना उलटून थोडेच दिवस झाले होते. कंपनीचं उत्तर लगेच आलं आणि फार सभ्य होतं. कबुलीबद्दल आभार. फाइली आता उपलब्ध नाहीत. प्रामाणिकपणे कळवल्यामुळे दंड आणि फरक दोन्ही माफ.

खातं एक दिवसही बंद राहिलं नाही.

बुधवारी संध्याकाळी दादा पाकीट घेऊन रस्त्याच्या त्या टोकाला गेला. मेहुणे कटिंग टेबल पुसत होते. टेबल स्वच्छच होतं. धाकटी न कापलेल्या कापडाचे तागे मोजून लावत होती. कापडवाला ते निम्म्या भावाने परत घेणार होता.

"दंड, फरक, दोन्ही माफ झाले," दादा म्हणाला. "तुझे पैसे सगळेच्या सगळे आहेत यात. एक पै इकडची तिकडे नाही. मोजून घे."

"तू मोजलेस ना?"

"दोनदा."

"मग झालं."

"फाइलींचं..." दादा म्हणाला. "मी पाठवलं होतं गं. त्यांनीच..."

"कधी पाठवलंस?"

दादाने पाकीट ताग्यांवर ठेवलं. मेहुण्यांनी फडकं पिळलं आणि पुन्हा तेच टेबल पुसायला घेतलं. त्या एका खेपेला मेहुण्यांना सगळं वेळेवर कळलं होतं.

"तू माझ्याकडे ये," दादा म्हणाला. "पॅटर्न बघ माझे. पगार देईन. बाहेरच्याला देतो त्यापेक्षा जास्त देईन."

"तुझ्या खात्यावर?"

"मग कोणाच्या?"

"नको," धाकटी म्हणाली. "पुन्हा कोणी विचारलं, ही तुमची का, तर तुला अडचण होईल."

दादा उभाच राहिला. कोणी चहाचं विचारलं नाही, आणि विचारलं नाही हेही कोणाच्या लक्षात आल्यासारखं दिसलं नाही. तागा कागदात गुंडाळताना धाकटीने एक टोक धरायला मेहुण्यांना खूण केली. दादाने हात पुढे केला होता. तिने मेहुण्यांचीच वाट बघितली.

नंतरचं सगळं हळूहळू आणि नियमाने झालं. धाकटीचं वर्कशॉप बंद झालं, मशीनं विकली गेली. काजाचं मशीन हप्तेवाला घेऊन गेला. मेहुणे एका कारखान्यात कटिंगला लागले, धाकटी दुसऱ्या कारखान्यात पॅटर्नला. तिथे मालकाने पाच जणांची वर्गणी भरली आहे. पडद्यावर तिच्या नावाऐवजी आकडा येतो. ती काढते ते पॅटर्न संध्याकाळी मालकाच्या खात्यात जमा होतात आणि ती रिकाम्या हाताने बसस्टॉपवर उभी राहते. त्या रस्त्यावर ती येत नाही. मुद्दाम टाळते असं कोणी म्हणू शकणार नाही, कारण यायला काही कामच नसतं. वहिनी अधूनमधून म्हणते, "वन्संना फोन करा हो." दादा म्हणतो, "करतो आज."

आता जमाखर्च. कंपनीला दादाकडून दरमहा पैसे येतात. दुसऱ्या वर्षी सूट संपली, तिसऱ्या वर्षी दर वाढला, आणि सगळे पॅटर्न आत असल्यामुळे दादाने मुकाट्याने भरला. शंभर मीटरमागे वाचणारं चार मीटर कापड शाळासाखळीच्या लक्षात आलं आणि तिने तेवढा भाव पाडून घेतला; शाळांना शर्ट स्वस्त पडले. कापडवाल्याला तागे निम्म्या भावात परत मिळाले, ते त्याने पूर्ण भावाने विकले. हॉस्पिटलला गणवेश मिळाले, काखेत जरा तंग, पण वेळेवर. दादाला फायदा म्हणून हाताशी काही उरलं नाही, तरी धंदा चालू आहे आणि वर्गणी तो पाच तारखेच्या आत भरतो. उरलेलं सगळं धाकटीने भरलं.